बेलफास्टमधला बॉम्बे स्ट्रीट

बेलफास्टचा नकाशा पहिल्यांदा उलगडून पाहिला तेव्हा आमचे लक्ष प्रेक्षणीय म्हणून ठळक केलेल्या स्थळांकडे गेलेच नाही. शहराच्या पश्चिमेला, एका मठाच्या आसपास, काडेपेट्या मांडाव्यात तशा लहान लहान गल्ल्या आहेत. त्यांची नावे काश्मीर रोड, कॉनपोर स्ट्रीट (म्हणजे आपले कानपूर), लखनौ स्ट्रीट आणि बॉम्बे स्ट्रीट. जरा दक्षिणेकडे सरकले की सेव्हास्तोपोल आणि ओडेसा लागतात. हा सगळा भाग एकोणिसाव्या शतकात तागाच्या गिरण्यांभोवती वाढला. ‘ताग’ म्हणजे आपल्याकडची गोणपाटाची वस्तू नव्हे. ज्यापासून लिनन विणतात ते जवसाचे सूत. या गिरण्यांत राबणाऱ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या दुमजली घरांच्या रांगांना साम्राज्याच्या नकाशावरून आणि क्रिमियाच्या युद्धातून नावे उचलून दिली गेली. ज्या मजुरांना त्या घरांत राहायचे होते ते बहुतांशी आयरिश कॅथलिक, म्हणजे ज्या साम्राज्याच्या विजयांची ती नावे, त्या साम्राज्याविषयी फारसे प्रेम नसलेले लोक.

परक्या गावात आपल्या गावाचे नाव दिसले की माणसाला उगाच आपलेपणा वाटतो. आम्हालाही तो वाटला, हे कबूल करायला हवे. पण बॉम्बे स्ट्रीट पाहायला जगभरातून लोक येतात ते नावासाठी नव्हे. ती गल्ली जळली म्हणून येतात, आणि ती जळली तो दिवस १५ ऑगस्ट १९६९.

त्या आठवड्याची हकिगत थोडक्यात अशी. १२ ऑगस्टला डेरी शहरात प्रोटेस्टंटांची वार्षिक मिरवणूक निघाली आणि तिच्यावरून कॅथलिक वस्ती व पोलीस यांच्यात लढाई जुंपली. ती तीन दिवस चालली. तिचे पडसाद बेलफास्टमध्ये उमटले. १४ तारखेच्या रात्री फॉल्स रोड आणि शँकिल रोड यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर जमाव समोरासमोर आले. डिव्हिस फ्लॅट्स या इमारतींत नऊ वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच घरात पोलिसांच्या मशीनगनच्या गोळीने मरण पावला. त्या दोन दिवसांत गोळी लागून मेलेल्यांत प्रोटेस्टंटही होते. दुसऱ्या दिवशी शँकिलच्या बाजूने आलेल्या जमावाने बॉम्बे स्ट्रीटवरची बहुतेक घरे पेटवली. पंधरा वर्षांचा एक मुलगा तिथे गोळी लागून मेला. संध्याकाळी ब्रिटिश लष्कर शहरात उतरले. स्कारमन चौकशी आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत बेलफास्टमधून सुमारे १,८०० कुटुंबांना घर सोडावे लागले. त्यांतली दीड हजार कॅथलिक आणि तीनशेच्या वर प्रोटेस्टंट होती. पुढे १९९८च्या ‘गुड फ्रायडे’ करारापर्यंत चाललेल्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे शब्द आपल्याकडच्या वाचकाची थोडी दिशाभूल करतात. भांडण येशूच्या आईविषयी किंवा पोपच्या अधिकाराविषयी नव्हते. सतराव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडमधून आणून वसवलेल्यांचे वंशज आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे वंशज, असा हा मूळ भेद. १९२१ साली फाळणी होऊन उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला तेव्हा एका बाजूला हवे ते राज्य मिळाले आणि दुसरी बाजू त्या राज्यात नको असलेली अल्पसंख्य झाली. घर कोणाला मिळणार, नोकरी कोणाला मिळणार, मतदारसंघाची रेघ कुठून जाणार, हे मग त्या भेदावरून ठरू लागले. प्रार्थनास्थळ ही फक्त माणूस कोणाच्यातला ते ओळखण्याची खूण. आडनाव, शाळा आणि पत्ता यांवरून जात ओळखण्यात आपण जे कौशल्य मिळवले आहे, त्याच्यापुढे बेलफास्टकरांचे कौशल्य कमी भरत नाही.

हे शहर पाहण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. काळ्या टॅक्सीतून फिरणे ही सर्वांत लोकप्रिय. या टॅक्सींनाही इतिहास आहे. सत्तरच्या दशकात बसगाड्या पळवून, जाळून रस्त्यांवर अडथळे उभे केले जात; बससेवा वारंवार बंद पडे. तेव्हा लंडनच्या जुन्या टॅक्सी आणून त्या ठरलेल्या रस्त्याने, पाच-सहा अनोळखी माणसे एकत्र बसवून चालवल्या जाऊ लागल्या. आपल्या शेअर रिक्षाच. १९९४ साली दोन्ही बाजूंच्या सशस्त्र संघटनांनी शस्त्रसंधी जाहीर केला आणि बाहेरचे लोक कुतूहलाने येऊ लागले. मग त्याच टॅक्सीवाल्यांनी प्रवाशांऐवजी प्रवासी, म्हणजे पर्यटक, बसवले. दंगलीने जन्माला घातलेले वाहन दंगल दाखवण्याच्या कामी आले.

आम्ही मात्र पायी फिरलो. एकेकाळी तुरुंग भोगलेले लोक असे फेरफटके घडवून आणतात. फॉल्सच्या बाजूचा माणूस रिपब्लिकन, म्हणजे आयर्लंड एक व्हावे म्हणून शस्त्र धरलेल्यांपैकी. तो तुम्हाला भिंतीतल्या दरवाज्यापर्यंत नेतो. दरवाज्यापलीकडे शँकिलचा, ब्रिटनशी निष्ठा राखणाऱ्या संघटनेतला माजी कैदी उभा असतो. तो तुम्हाला ताब्यात घेतो. या दोन माणसांच्या पूर्वायुष्याचा विचार केला तर त्यांनी आमच्यासारख्या उपऱ्यांना एकमेकांच्या हवाली करणे हीच त्या दौऱ्यातली सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट होती. त्यांनी हस्तांदोलन केले, हवेविषयी दोन वाक्ये बोलले आणि पहिला आल्या वाटेने परत गेला. तो दरवाजा ओलांडून पुढे आला नाही, हे आमच्या नंतर लक्षात आले.

पहिल्याने आपली गोष्ट १९६९ पासून सुरू केली. बॉम्बे स्ट्रीटवर आता विटांची नीटस घरे आहेत. रहिवाशांनीच पुढाकार घेऊन गल्ली पुन्हा बांधली. एका टोकाला स्मृतिउद्यान आहे, त्यात मृतांची नावे कोरली आहेत. ही गल्ली जळताना वाचवायला कोणी नव्हते, म्हणून आम्हाला शस्त्र हाती घ्यावे लागले, असे तो सांगतो. हे त्याचे एकट्याचे म्हणणे नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयआरएमध्ये फूट पडून जो ‘प्रोव्हिजनल’ गट निघाला, त्याने बॉम्बे स्ट्रीटच्या राखेतून उठलेला फिनिक्स हे स्वतःचे जन्मचित्र करून ठेवले. एखाद्या घराण्याला मूळपुरुष लागतो तशी चळवळीला मूळ जखम लागते, आणि ही जखम खरी होती. आमची अडचण तिच्या खरेपणाविषयी नव्हती. सगळी गोष्ट त्या दिवशी सुरू केली की पुढचे सारे ‘त्यानंतर’चे होते, आणि ‘त्यानंतर’ हा शब्द मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, हळूच ‘त्यामुळे’ होऊन बसतो, ही आमची अडचण.

बॉम्बे स्ट्रीटच्या घरांच्या मागे भिंत आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये लष्कराने काटेरी तारा आणि पत्रे लावून दोन वस्त्या वेगळ्या केल्या. लष्करप्रमुख फ्रीलंड यांनी तेव्हा ही सोय अगदी तात्पुरती असल्याचे आणि बेलफास्टमध्ये बर्लिनसारखी भिंत होणार नसल्याचे बजावून सांगितले होते. बर्लिनची भिंत १९८९ साली पडली. ही उभी आहे. खाली काँक्रीट, त्यावर पत्र्याचा थर, त्यावर जाळी. पूर्वी वरून दगड आणि बाटल्या यायच्या, म्हणून भिंत एकेका मजल्याने वर वाढत गेली, जशी गरज पडेल तशी चाळीवर खोली चढवावी. शहरात अशा भिंती, कुंपणे, दरवाजे मोजण्याच्या पद्धतीनुसार साठापासून शंभरापर्यंत भरतात. काही तर १९९८च्या करारानंतर उभी राहिली. त्यांतले एक कुंपण २००७ साली उत्तर बेलफास्टमध्ये, ज्या शाळेत दोन्ही पंथांची मुले मुद्दाम एकत्र शिकवली जातात, तिच्या आवाराशी उभारले गेले. २०१३ साली तिथल्या सरकारने २०२३ पर्यंत साऱ्या भिंती काढण्याचा संकल्प सोडला होता. तो सुटलेलाच राहिला. भिंतीलगत राहणाऱ्यांनाच ती इतक्यात नको पडायला, असे पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. आणि एप्रिल २०२१ मध्ये लॅनार्क वे येथील दरवाज्यापाशी बस जाळली गेली, दरवाजा पेटवला गेला, तेव्हा त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार दूरस्थांना उरला नाही.

भिंतीची जी बाजू छायाचित्रांत दिसते ती क्युपार वेची, म्हणजे शँकिलकडची. तिथे मोकळा रस्ता आहे, गाड्या थांबायला जागा आहे. भिंतीवर पर्यटकांच्या सह्या आणि शांतीचे संदेश एकावर एक इतके चढले आहेत की मूळ रंग दिसत नाही. टॅक्सीवाले त्यासाठी जाड मार्कर बाळगतात. प्रेम, शांती, तारीख, देशाचे नाव. पलीकडच्या, बॉम्बे स्ट्रीटच्या बाजूला कोणी सही करत नाही, कारण तिथे भिंतीला लागून लोकांची परसदारे आहेत; त्या परसांवर वरून काही येऊन पडू नये म्हणून लोखंडी जाळीचे पिंजरे बसवले आहेत, आणि पिंजऱ्याखाली वाळत घातलेले कपडे. एकाच भिंतीच्या एका बाजूला जग शांतीचा संदेश लिहिते, दुसऱ्या बाजूला एक बाई जाळीखाली चादर वाळत घालते, आणि तिला तो संदेश वाचता येत नाही. आमच्याही हाती मार्कर आला होता. आमच्यापैकी एकाने तो परत केला. दुसऱ्याने देवनागरीत गावाचे नाव लिहिले आणि नंतर बराच वेळ त्याचे समर्थन केले. या बाबतीत आमच्यात अजूनही एकमत नाही.

शँकिलच्या माणसाने गोष्ट १९१२ पासून सुरू केली. त्या वर्षी २८ सप्टेंबरला आयर्लंडला स्वराज्य, म्हणजे ‘होमरूल’, देण्याच्या विरोधात अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. पुरुष आणि स्त्रिया मिळून सुमारे पावणेपाच लाख. तिथून तो थेट १९१६च्या सॉम नदीवरील लढाईत गेला, जिथे अल्स्टरच्या ३६व्या डिव्हिजनचे पहिल्या दोन दिवसांतच साडेपाच हजारांच्या आसपास लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. आणि तिथून २३ ऑक्टोबर १९९३ वर, म्हणजे शँकिल रोडवरच्या मासळीच्या दुकानात आयआरएने आणलेला बॉम्ब अवेळी फुटला त्या शनिवारवर. नऊ निरपराध माणसे गेली, त्यांत दोन लहान मुली. बॉम्ब आणणाऱ्यांपैकी एक जागीच मेला. त्या माणसाच्या कथनात १९६९ आले ते ओझरते. बॉम्बे स्ट्रीट कोणी जाळली, याविषयी त्याने एक लांब वाक्य बोलून क्रियापदापाशी कर्ता टाळला. मराठीत आपण ‘घरे जळली’ म्हणतो तसे.

इथे आम्हाला स्वतःची एक खोड कळली. पहिल्या माणसाबरोबर आम्ही मान डोलावत चाललो होतो. दुसऱ्याबरोबर चालताना मनात खोट काढत होतो. दोघांचे हात तितकेच मळलेले असताना हा पक्षपात आला कोठून? आला तो आमच्या शिक्षणातून. आयर्लंड मराठी मनात शिरला तो राष्ट्रवादी आयर्लंड. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावच्या परिषदेत होमरूल लीग काढली तिचे नावच तिकडचे. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० साली ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणाने गेले. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांनी जतीन दास गेले तेव्हा मॅकस्विनींच्या घराण्याकडून शोकसंदेशाची तार आली. फॉल्स रोडवर, सेव्हास्तोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १९८१ साली ६६ दिवसांच्या उपोषणाने मेलेल्या बॉबी सँड्सचे भव्य भित्तिचित्र आहे. त्याच्यापुढे उभे राहिलो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर जतीन दास होते. पण ज्या ‘होमरूल’ शब्दाने आमच्या आजोबांच्या पिढीची छाती फुगे, त्याच शब्दाने बेलफास्टमधल्या बोटी बांधणाऱ्या एका सामान्य कामगाराची झोप उडत होती, आपण आपल्याच गावात अल्पसंख्य होणार म्हणून, हे आम्हाला चाळिशी उलटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. २०२१च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पार्श्वभूमीच्या लोकांचे प्रमाण प्रथमच प्रोटेस्टंटांहून अधिक, ४५.७ विरुद्ध ४३.५ टक्के, निघाले. शँकिलच्या माणसाच्या आवाजात आम्हाला जी धार वाटली ती कदाचित भीतीची असावी.

आणि खरे तर दोन्ही गाइड उशिरा सुरुवात करतात. बेलफास्टमधली पहिली मोठी चौकशी ज्या दंगलीची झाली ती १८५७च्या जुलैतली. तिचेही कारण १२ जुलैचा प्रोटेस्टंट विजयोत्सव. मिरवणूक, तिचा मार्ग, वाद्ये, परवानगी, प्रतिष्ठा ही सारी शब्दावली १८९३ नंतरच्या मुंबई-पुण्याचा इतिहास वाचलेल्याला पाठ असते. पुढे १८६४, १८७२, आणि पहिल्या होमरूल विधेयकाच्या वर्षी, १८८६ साली, सर्वांत भीषण. म्हणजे कानपूर आणि लखनौ पेटलेले असताना त्याच उन्हाळ्यात बेलफास्टही आपल्या परीने पेटलेले होते, आणि नंतर त्या शहराने आपल्या गल्ल्यांना आपल्याकडच्या आगीची नावे दिली. स्वतःच्या आगीचे नाव कुठल्याच गल्लीला दिले नाही.

त्याही मागे जायचे तर शब्दच साक्ष देतात. शँकिल, म्हणजे प्रोटेस्टंट निष्ठेचा बालेकिल्ला, हे नाव आयरिश भाषेतले आहे. त्याचा अर्थ जुने चर्च. फॉल्स हेही आयरिशच, आणि त्याचा अर्थ कुंपणे.

भिंत पाहायला येणाऱ्यांनी एक भिंत सहसा पाहिलेली नसते, कारण ती दिसत नाही. फॉल्स रोडवरून पुढे गेले की सिटी सेमेटरी ही महापालिकेची दफनभूमी लागते. ती १८६९ साली सुरू झाली. तिच्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मृतांसाठी वेगळे भाग ठरले होते आणि त्यांच्यामध्ये जमिनीखाली सुमारे नऊ फूट खोल भिंत घालण्यात आली. वर गवत एकसारखे. पेट्या खाली एकमेकींकडे सरकू नयेत म्हणून तजवीज. पुढे अधिकारांवरून कॅथलिक बिशपशी वाद झाला आणि कॅथलिकांनी त्याच वर्षी रस्त्यापलीकडे मिलटाउन ही स्वतंत्र दफनभूमी घेतली. म्हणजे ज्यांच्यापासून वेगळे राहायचे ते आलेच नाहीत, आणि भिंत राहिली. शंभर वर्षांनी लष्कराने काटेरी तार घातली, ती आम्हाला इथे उभे असताना नवीन वाटेना.

शहराच्या मधोमध सिटी हॉल आहे. १९१२च्या सह्या तिथेच सुरू झाल्या. त्याच्या आवारात लॉर्ड डफरिन यांचा पुतळा आहे. १८८४ ते १८८८ ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. काँग्रेस स्थापन झाली ती त्यांच्या काळात, आणि ब्रह्मदेश खालसा झाला तोही. रत्नागिरीकरांना थिबा राजा ठाऊक असतो. त्याला तिथे पाठवण्याची वेळ ज्यांनी आणली ते हे. पुतळ्याच्या बाजूला फेटा बांधलेला एक हिंदी शिपाई बसवला आहे. आवारात शाळेची मुले डबे खात बसली होती. आम्ही त्या शिपायाचा फोटो काढताना पाहून एकाही जाणाऱ्या-येणाऱ्याने मान वळवली नाही. बेलफास्टमध्ये पाहण्यासारखे भांडण कोणते हे पर्यटकालाही ठरवून दिलेले असते, आणि हा शिपाई त्यात येत नाही.

दुसऱ्याचे दुःख तिकीट लावून पाहावे का, हा प्रश्न आम्हाला परतल्यावर अनेकांनी विचारला. आम्हाला तो वाटतो तितका अवघड वाटत नाही. जुना क्रमलिन रोड तुरुंग १९९६ साली बंद झाला आणि आता त्याच्या एका भागात व्हिस्की गाळतात. यात विकृत काही असेल तर ते शहराने पोटासाठी पत्करलेले आहे, आणि जहाजबांधणी व तागाच्या गिरण्या गेल्यावर पोट भरायला शहराकडे ‘टायटॅनिक’ आणि दंगली एवढेच उरले होते. त्यातही बुडालेली बोट आणि जळालेली गल्ली यांत, बोट दाखवणे सोपे. गल्ली दाखवायची तर ती कोणी जाळली हे रोज कोणाच्या तरी तोंडाने म्हणावे लागते, निदान टाळावे तरी लागते. टाळणेही ऐकू येते. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली, म्हणजे बेलफास्टचा करार झाला त्याच वर्षी, मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींचा अहवाल दिला; त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. मुंबई पाहायला येणाऱ्या पाहुण्याला आपण त्या गल्ल्यांतून नेत नाही. न्यायचे ठरवले तर दरवाज्यापाशी त्याला कोण कोणाच्या हवाली करील?

एक प्रसंग सांगायचा राहिला. शँकिलवरचा फेरफटका संपला तेव्हा त्या माणसाने आम्ही कुठले म्हणून विचारले. मुंबईजवळचे, असे सांगितल्यावर तो हसला आणि त्याने मान भिंतीकडे वळवून, ‘पलीकडे तुमचा एक रस्ता आहे,’ म्हटले. त्याला आमच्याकडच्या दंगलीविषयी थोडे ठाऊक होते. कुठे वाचले होते म्हणाला. मग त्याने अगदी सहज, वेळ घालवावा तसे, तुमच्याकडे ते कधी सुरू झाले, असे विचारले. आम्ही दोघेही एकदम बोललो. एकाने सहा डिसेंबर म्हटले, दुसऱ्याने जानेवारी.

तो काही बोलला नाही. पाऊस येऊ लागला होता, आणि आमच्या बसला दहा मिनिटे अवकाश होता.